गॅरंटीची चापट

आमच्या गल्लीत कुणाचा टीव्ही दुरुस्त झाला हे बघायला जावं लागत नसे, ते घरबसल्या ऐकू यायचं. बाबा मागचं झाकण बसवायचे, स्क्रू आवळायचे, सेट चालू करायचे आणि मग उजव्या हाताने त्याच्या कुशीवर एक सणसणीत चापट मारायचे. लाकडी कॅबिनेट असलं तर धप्प, प्लॅस्टिकचं असलं तर फट्ट. चापट बसल्यावर चित्र जरासुद्धा हललं नाही, तर बाबा म्हणायचे, "घेऊन जा." हललं, तर झाकण पुन्हा उघडायचं. आत सोल्डरिंगचा एखादा टाका कच्चा राहिला असेल तर तो अशा दणक्याने उघडा पडतो, हे त्यामागचं कारण. पण गिऱ्हाइकांना कारणाशी काय करायचंय? त्यांच्यासाठी ती चापट म्हणजे गॅरंटी होती. कॅम्प चारच्या बाजारातले सिंधी दुकानदारसुद्धा सेट ताब्यात घ्यायच्या आधी हात मागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "भाऊ, चापट मारा पहले." बाबा मारायचे. चित्रातला माणूस बोलत राहायचा, आणि बाबांच्या चेहऱ्यावर जे समाधान यायचं ते मी पुढे फार थोड्या लोकांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

आमचं घर टेकडीवर, दीड खोलीचं. पूर्ण खोली आईची आणि अर्धी बाबांची, असा न बोललेला करार होता. बाबांच्या अर्ध्या खोलीत उघडे टीव्ही भिंतीकडे तोंड करून बसलेले असायचे, शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे. आईच्या खोलीत पापड. बाजारातल्या एका पापडवाल्यांचं पीठ ती घरी आणायची आणि दुपारभर लाटायची. काळ्या मिरीचे, ताटाएवढे मोठे आणि इतके पातळ की खालच्या साडीची नक्षी आरपार दिसावी. ते खाटेवर वाळत पडले की घरात पंखा बंद, दार अर्धं लोटलेलं आणि आम्हा दोघी बहिणींना जोरात चालायची बंदी. एकीकडून सोल्डरिंगचा धूर, दुसरीकडून हिंग-मिरीचा वास, आणि मध्ये आम्ही अभ्यास करायचो. रविवारी सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी. शेजारच्या सिंधी काकू दाल-पकवान पाठवायच्या, त्यांच्याकडे आमची चटणी जायची, आणि ती दाराआड खाल्ली जायची, कारण त्यांच्या सासूबाई शाकाहारी होत्या. सुजाताताईला आईने स्वयंपाक शिकवला आणि मला बाबांनी सोल्डरिंग. म्हणून ताईच्या हातच्या चपात्यांचं सगळे कौतुक करतात आणि माझ्या चपात्यांबद्दल आजही घरात कुणी विषय काढत नाही.

मग भिंतीवर टांगायचे चपटे टीव्ही आले. बाबांनी पहिला सेट बाजारात पाहिला, त्याला पुढून-मागून न्याहाळलं आणि घरी येऊन आईला म्हणाले, "अगं, त्याला पाठच नाही. चापट मारायची कुठे?" आम्ही सगळे हसलो. पुढे पुढे हसणं कमी झालं. जड डबे गल्लीतून भंगारात जायला लागले आणि त्यांच्या जागी चपटे आले. ते बिघडले की कंपनीचा माणूस यायचा, पॅनल, म्हणजे समोरची काचच, गेलं म्हणायचा आणि लोक नवीन आणायचे. बाबांचंही मत तेच झालं होतं. "काच आहे ती. उघडली की गेली. ही वस्तू वापरायची आणि फेकायची." अंबरनाथच्या एका कारखान्यात पॅकिंगला ते लागले. घराबाहेरची 'टीव्ही रिपेअर' ही पाटी मात्र त्यांनी काढली नाही. रविवारी सकाळी ते ती ओल्या फडक्याने पुसायचे. त्या पाटीकडे बघून कुणी येत नाही हे त्यांना ठाऊक होतं आणि आम्हालाही.

ताईचं लग्न बदलापूरला हेंद्रेपाड्यात जमलं. विहारात साधं लग्न, देण्याघेण्याचं कुणी नावही काढलं नाही. पण बाबांनी हट्टच धरला. टीव्हीवाल्याची मुलगी, तिच्या घरी टीव्ही बापाकडूनच जाणार. जो चपटा टीव्ही त्यांना डोळ्यांसमोर नको असायचा, तोच त्यांनी दुकानात तास न् तास बघून घेतला, मांडीवर धरून रिक्षातून नेला आणि ताईच्या हॉलमध्ये स्वतः भिंतीवर बसवला. ताईचे सासरे, म्हणजे अण्णा, कारखान्यातून निवृत्त झालेले, गप्पिष्ट आणि भलतेच चेष्टेखोर. ते म्हणाले, "व्याही, आता आमच्या टीव्हीला मरण नाही. डॉक्टरच घरातला मिळाला." बाबा त्यावर फुशारून हसले. त्या दिवशी त्यांना ती गंमत फार आवडली होती.

पुढच्या वर्षी, कंपनीच्या गॅरंटीची मुदत संपल्यावर लगेच, टीव्ही काळा पडला. आवाज चालू, चित्र गायब. ताईचा फोन आला तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो आणि फोन स्पीकरवर होता. ती हळू आवाजात बोलत होती. कंपनीचा माणूस येऊन पॅनल गेलं असं सांगून गेला होता. सासूबाई काही वाईट बोलल्या नव्हत्या. फक्त म्हणाल्या होत्या, "राहू दे गं, रेडिओ समजून ऐकू." आणि अण्णांनी सगळ्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं की व्याही येतील आणि चापट मारून चालू करतील. एवढं ऐकल्यावर बाबांचा घास हातातच राहिला. ते उठले नाहीत, चिडले नाहीत. भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि म्हणाले, "मी काय करणार आहे तिथे जाऊन?" बाबांना असं बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मला टीव्हीचं काहीच वाटलं नाही, त्या वाक्याचा राग आला. राग आला की मला काम सुचतं, तो स्वभाव अजून तसाच आहे.

मी तेव्हा आयटीआयला होते आणि संध्याकाळी लछूकाकांच्या दुकानात रिमोट आणि सुटे भाग विकायला बसायचे. लछूकाका म्हणजे बाबांचे जुने मित्र, बाबा सगळं सामान त्यांच्याकडूनच घ्यायचे. तिथे मागच्या बाकावर चपटे सेट उघडलेले मी पाहिले होते. मी फोन जवळ ओढला आणि ताईला म्हणाले, "पडदे ओढ. खोलीत अंधार कर. टीव्ही चालू ठेव आणि मोबाइलची बॅटरी लावून काचेला अगदी चिकटून बघ." पलीकडे पडदे ओढल्याचा आवाज आला. मग ताई कुजबुजली, "प्रज्ञा, दिसतेय. बातम्या देणारी बाई दिसतेय. अंधुक आहे, पण बोलतेय." मी बाबांकडे बघितलं. "काच चांगली आहे बाबा. चित्र येतंय. मागचे दिवे गेलेत फक्त." बाबा त्या फोनकडे बघत राहिले, जणू ती बाई फोनमधूनच डोकावणार होती. मग म्हणाले, "मागे दिवे असतात?" आयुष्यभर टीव्ही उघडलेल्या माणसाने मला विचारलेला तो पहिला प्रश्न.

दुसऱ्या दिवशी मी लछूकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी कोपऱ्यातला एक सेट ओढून काढला. गिऱ्हाईक तो सोडून गेलं होतं. "बेटा, ये ले जा. काच ओके है, पीछे की लाइट गई है. घर पे खोल. फुटला तर फुटला, पण बदलापूरला फोडू नको." सेट घरी आला. मला स्क्रू, क्लिपा, वायरी यांची भीती नव्हती. भीती काचेची होती. पुढची चौकट निघाली की ती मोठी काच नुसती कागदासारखी पडून असते, कडेला केसाएवढ्या तारांच्या नाजूक पट्ट्या लटकलेल्या. ती दोघांनी चारही कोपऱ्यांतून एकदम, सपाट उचलायची. एक हात जरी पुढे-मागे झाला की तडा. मी आईला हाक मारली. आईने पीठ भरलेले हात धुतले, पदर खोचला, काच बघितली आणि म्हणाली, "एवढंच ना? पापडच आहे हा." तिने पंखा बंद केला, दार लोटलं, खाटेवर धुतलेली साडी सुरकुती न ठेवता अंथरली. मग समोर उभी राहून मला म्हणाली, "बोटांनी नाही धरायचं, तळव्यावर घ्यायचं. श्वास धर. आणि माझ्याकडे बघ, काचेकडे नको." आम्ही उचलली. ती तरंगत आली आणि साडीवर निजली. आजवर मी किती काचा उचलल्या त्याचा हिशेब नाही. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलींना मी अजूनही हेच सांगते, समोरच्या मुलीकडे बघा, काचेकडे नको.

काचेखाली दुधाळ प्लॅस्टिकचे पातळ पडदे आणि त्यांच्या तळाशी दिव्यांच्या पट्ट्या. दर दिव्यावर फुगलेल्या साबुदाण्यासारखं एक भिंग. टेस्टर लावत गेले तर एकाच दिव्यात अंधार, मधोमध काळा ठिपका. सगळे एका माळेत असतात, त्यामुळे एक गेला की सगळी माळ विझते. मी पट्टी बदलली, पडदे होते त्याच क्रमाने ठेवले, आईने आणि मी काच परत बसवली. बाबा दारात उभे राहून सगळं बघत होते. मी बटण दाबलं. लख्ख चित्र आलं, इतकं की आईच्या तोंडून "अगंबाई" निघालं. आणि त्याच क्षणी बाबा पुढे आले. चेहरा असा फुललेला, किती महिन्यांनी. त्यांनी सवयीने उजवा हात उचलला आणि टीव्हीच्या कुशीवर फट्टकन चापट मारली.

कोपऱ्यातून एक रेघ निघाली आणि काचभर पसरली. शाई सांडावी तसे काळे डाग उतरत गेले. बाबा आपल्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं होतं मी ओरडेन, पण त्यांचा चेहरा बघून मी हळूच सेटचं बटण बंद केलं. ते बाहेर जाऊन पाटीखाली बसले. संध्याकाळी म्हणाले, "बदलापूरला तू आणि आई जा. मी येत नाही. माझा हात आता टीव्हीला लावायच्या कामाचा राहिला नाही." आई पापड गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "मग हात खिशात घाला आणि या. लेक तुमची तिथे वाट बघतेय, टीव्हीची नाही."

रविवारी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. अंबरनाथच्या कारखान्यांचा वास नाकात शिरला तेव्हा बाबांनी सवयीने रुमाल काढला, बाकी वाटभर हात खरंच खिशात. हेंद्रेपाड्यात जयभीम झालं, चहा झाला. अण्णांनी शेजारचे दोघे-तिघेही बोलावून ठेवले होते. बाबांनी त्यांना सांगितलं, "उघडणार आमची प्रज्ञा. मी नुसता बघायला आलोय." अण्णा काहीतरी चेष्टा करणार होते, पण बाबांचा चेहरा बघून थांबले. मला ते अण्णांचं थांबणं आवडलं. बिल्डिंगसमोर बाबा काय ठरणार हे आता माझ्या हातात होतं, आणि हे तिथे ताईसकट फक्त आम्हा चौघांना कळत होतं.

आईने तो हॉल आपला असल्यासारखा ताब्यात घेतला. विहीणबाईंना पंखा बंद करायला लावला, शेजाऱ्यांना सोफ्यावर पाय वर घेऊन बसवलं, दिवाण झटकून त्यावर ताईची धुतलेली साडी अंथरली. "आता कुणी शिंकायचं नाही," ती म्हणाली आणि कुणी शिंकलं नाही. आम्ही काच उचलली. अण्णांनी तोंडावर हात धरला होता. काच साडीवर निजली तेव्हा सोफ्यावरून सगळ्यांचा एकदम सुस्कारा आला.

मेलेला दिवा सापडला. मी लछूकाकांनी ह्या सेटसाठी दिलेली नवी पट्टी काढली आणि जुन्या पट्टीशेजारी धरली. लांबी तीच, दिवे तेच, पण टोकाचा प्लग वेगळा. तो बसणार नव्हता. जुना प्लग कापून नव्या पट्टीला टाकायचा, म्हणजे पट्टीवरच्या एवढ्याशा ठिपक्यावर टाका द्यायचा. खाली ॲल्युमिनियम, ते सगळी उष्णता पिऊन टाकतं. जास्त वेळ धरलं तर शेजारचा दिवा जळणार, कमी धरलं तर टाका कच्चा. मी एकदा प्रयत्न केला, टाका धरला नाही. दुसऱ्यांदाही वायर सुटून आली. मी मान वळवली. "बाबा, हा टाका मला जमत नाहीये. तुम्ही द्या." ते जागचे हलले नाहीत. मी म्हणाले, "चापट नाही मागत. टाका मागतेय."

बाबांनी खिशातून हात काढले. शर्टाला पुसले. चष्मा कपाळावर चढवला, नाक जवळजवळ पट्टीला टेकवलं, सोल्डरिंग गन माझ्या हातातून घेतली. धुराची एक बारीक रेघ वर गेली आणि टाका बसला होता, ज्वारीच्या दाण्यासारखा गोल, चकचकीत. मग दुसरा. त्या दोन टाक्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात मला बाबा परत मिळाले. मी लहान असताना ते जसे दिसायचे, तसेच ते दिसत होते. "ओढून बघ," ते म्हणाले. मी वायर ओढली. जागची हलली नाही.

पडदे, काच, चौकट, क्लिपा. अण्णांनी बटण दाबायचा मान विहीणबाईंना दिला. चित्र आलं. ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. शेजाऱ्यांपैकी एक जण म्हणाला, "बॉस, मान गए." आणि अण्णा, ज्यांनी तोवर कशीबशी जीभ आवरली होती, ते उठून टीव्हीच्या बाजूला सरकले. "व्याही, आता ती तुमची चापट होऊन जाऊ द्या. त्याशिवाय आम्ही सेट ताब्यात घेणार नाही."

आईने माझा हात घट्ट धरला. बाबा टीव्हीपाशी गेले. त्यांचा उजवा हात उठला, मी तो उठताना पाहिला, आणि तिथेच थांबला. त्यांनी बोटाने चौकटीवरची थोडी धूळ टिपली आणि हात खाली घेतला. "अण्णा, ह्या सेटची पद्धत वेगळी आहे," ते म्हणाले. "ती मला विचारू नका, तिला विचारा." सगळे माझ्याकडे वळले. मी सांगितलं, ह्याला तापू द्यायचं. आपण जेवून घेऊ, तोवर चालू राहील. जेवण होईपर्यंत टिकला तर टिकला. आणि उजेड थोडा कमी करून ठेवते, डोळ्यांना बरा आणि दिव्यांनाही. विहीणबाई म्हणाल्या, "मग वाढते मी सावकाश."

त्यांनी खरोखर सावकाश वाढलं. मटणाचा रस्सा, भाकरी, कांदा. आम्ही सगळे टीव्हीकडे तोंड करून जमिनीवर बसलो होतो आणि कुणाचंही कार्यक्रमाकडे लक्ष नव्हतं. नुसता उजेड बघत जेवत होतो. अण्णा मुद्दाम पुन्हा रस्सा मागत होते, सेटची परीक्षा लांबवायला. ताटं उचलली गेली, भांडी घासायला पडली, सुपारी फिरली, चित्र तसंच लख्ख. विहीणबाईंनी बाबांपुढे दुसऱ्यांदा सुपारीचा डबा धरला आणि म्हणाल्या, "पोरगी तुमच्यावर गेली." बाबांनी सुपारी चिमटीत धरून ठेवली, तोंडात टाकलीच नाही.

आज कॅम्प पाचला माझं स्वतःचं दुकान आहे. टेकडीवरची ती पाटी मी तिथे नेऊन लावली, रंगही बदलला नाही. बाबा येऊन बसतात, टाके अजून तेच देतात, माझ्यापेक्षा चांगले. सेट दुरुस्त झाला की मी गिऱ्हाइकाला समोर बसवून चहा पाजते, चहा होईपर्यंत सेट चालू. लोकांना वाटतं मी फार अगत्याची बाई आहे.

त्या दिवशी बदलापूरहून आम्ही निघालो. चपला घालत होतो. अण्णा दारापर्यंत आले आणि जाता जाता म्हणाले, "बाकी सगळं झालं व्याही, पण चापट राहिली. मनाला चुटपुट लागली." बाबा वळले. मी दाराच्या चौकटीत वाकून सँडलचा पट्टा लावत होते. त्यांनी हात उचलला आणि माझ्या पाठीत अशी सणसणीत चापट घातली की मी जवळजवळ जिन्यावर पडले. मी दचकून वळले तर ते माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघत होते, चापट मारल्यावर ते चित्राकडे बघायचे अगदी तसे.

"हललं नाही," ते अण्णांना म्हणाले. "घ्या ताब्यात."

खरं तर माझे डोळे भरून आले होते आणि मला समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं. पण बाबांनी सेट पास केला होता, त्यावर मी कोण बोलणार.